संक्रांत कशावर आली?

जानेवारी २०२४. आमच्या खालच्या मजल्यावरच्या नव्या सुनेची पहिली संक्रांत होती. माहेरून चंद्रकळा आली होती, काळीभोर, लाल काठाची. सोबत हलव्याच्या दागिन्यांचा डबा. बिंदी, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं आईने घरी केलेलं. दोन दिवस आधी तिने मला बोलावून ते दाखवलं होतं. साडीवरून हात फिरवताना तिचा फुललेला चेहरा मला अजून आठवतो. हळदीकुंकवाला गेले तर ती हिरव्या साडीत बसलेली. चंद्रकळा घडी न मोडता कपाटात गेली होती. तिच्या सासूबाईंच्या फोनवर निरोप आला होता की यंदा संक्रांत काळं वस्त्र नेसून आली आहे, तेव्हा कोणीही काळं नेसू नये. "पोरीचं पहिलंच वर्ष. विषाची परीक्षा कशाला घ्यायची, बाई?" त्या मला म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात दरडावणी नव्हती, काळजीच होती, आणि म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

वाणं लुटून झाल्यावर गप्पा निघाल्या. एक शिकलेल्या बाई ठामपणे म्हणाल्या, "संक्रांत मुळात वाईटच. पानिपत त्याच दिवशी झालं ना! लाख बांगडी फुटली. तेव्हापासूनच तर 'संक्रांत कोसळली' असं म्हणतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही पूर्वी डोलावली असती. शाळेत मराठी शिकवताना वाक्प्रचारांच्या तासाला मी मुलांना हीच गोष्ट सांगत आले. ती चूक होती, आणि ती माझ्या हातून अनेक वर्षं झाली, म्हणून आज हे सविस्तर लिहिते आहे.

कोडं मात्र खरं आहे. इंग्रजी वर्षातला आपला पहिला मोठा सण. सुगडात उसाचे करवे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या भरायच्या, लहानग्यांचं बोरन्हाण करायचं, तिळगूळ हातावर ठेवून गोड बोला म्हणायचं. आणि त्याच सणाचं नाव भाषेत अरिष्टाला. वर्तमानपत्र उघडावं तर 'फेरीवाल्यांवर संक्रांत', 'कंत्राटी कामगारांच्या नोकऱ्यांवर संक्रांत'. शिमग्याचं तसं नाही. 'शिमगा करू नकोस' म्हटलं की होळीतली बोंब कानात येते, अर्थ सणातूनच निघतो. दिवाळी तर नुसती आनंदाचीच. संक्रांतीच्या गोडव्यातून मात्र हा कडू अर्थ काही केल्या निघत नाही. जिथे अर्थ निघत नाही तिथे माणसं गोष्ट शोधतात, आणि मराठी माणसाला दुःखाची गोष्ट शोधायला पानिपताच्या पलीकडे जावं लागत नाही.

आता तारीख पाहू. पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी, बुधवारी, पौष शुद्ध अष्टमीला, शके १६८२. आपल्याकडे संक्रांत १४ जानेवारीला, म्हणजे झालं, जुळलं! पण हे जुळणं आजच्या कॅलेंडरवरचं आहे. सूर्याला त्याच राशीत परत यायला लागणारा काळ ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठा असतो. वीस मिनिटं साठत साठत साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस होतो, आणि संक्रांत इंग्रजी तारखेत एक दिवस पुढे सरकते. म्हणून तर हल्ली ती कधी १४ ला येते, कधी १५ ला. मागे गेलं की ती मागे सरकणारच. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो मकरसंक्रांतीचा दिवस होता. मग त्याच्याही १०२ वर्षं आधी ती १४ तारखेला कशी असेल? हिशोब मांडला की १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. भाऊसाहेबांची फौज छावणी सोडून बाहेर पडली त्या सकाळी सूर्य मकर राशीत शिरून चार दिवस उलटले होते.

कोणी म्हणेल, चार दिवस इकडे की तिकडे, संक्रांतीचेच दिवस ना ते? रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतंच. ठीक आहे, तारीख बाजूला ठेवू. भाषा स्वतः काय सांगते ते ऐकू.

पानिपताने मराठीला शब्द दिले आहेत, आणि ते कसे वापरले जातात ते बघण्यासारखं आहे. 'निवडणुकीत त्या पक्षाचं पानिपत झालं.' 'विश्वास पानिपतात गेला,' यात नानासाहेबांच्या थोरल्या मुलाच्या, विश्वासरावाच्या, मृत्यूवरचा श्लेष आहे. पहिल्या प्रयोगात घटनेचं नाव सामान्यनाम झालं आहे. ते कोणाचं तरी 'होतं'. वॉटर्लू घ्या, तेही 'होतं'. घडून गेलेल्या गोष्टीचा वाक्प्रचार असाच घडतो. संक्रांत मात्र कधी कोणाची 'होत' नाही. ती येते, बसते, कोसळते. आणि नेहमी कशावर तरी. नोकरीवर, घरावर, पोटावर. तो 'वर' कधी सुटत नाही. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात एखादी घडलेली लढाई नाही. चालत येणारी, कोणाच्या तरी डोक्यावर येऊन बसणारी कोणीतरी आहे.

ती कोण, ते आमच्या आजीला माहीत होतं. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी तव्यावर असायची आणि आजी चुलीपासूनच आजोबांना विचारायची, "यंदा संक्रांत कशावर?" आजोबा पंचांग उघडायचे आणि संथ लयीत वाचायचे. वाहन अमुक, उपवाहन अमुक. वस्त्र अमक्या रंगाचं. हातात शस्त्र, कपाळी टिळा. वयाने कुमारी की वृद्ध, बसलेली की उभी. वासाला कोणतं फूल, काय खाते आहे, अंगावर भूषण कशाचं. सगळ्यात शेवटी, कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला चालली आहे आणि बघते कुठे. मग फळ. जिकडून आली तिकडच्यांना सुख, जिकडे चालली आणि जिकडे बघते तिकडच्यांना दुःख. तिने जे अंगावर घेतलं, जे खाल्लं, ते महागणार किंवा नासणार.

आजीच्या प्रश्नातला 'कशावर' नीट ऐका. त्याचा पहिला अर्थ साधा आहे, कोणत्या जनावरावर बसून? वाघावर, हत्तीवर, घोड्यावर. पण फळ ऐकता ऐकता त्याच शब्दाचा दुसरा अर्थ उभा राहतो, यंदा कोणावर, कशावर बेतणार? कापसावर? गुळावर? पश्चिमेकडच्या मुलखावर? 'संक्रांत वाघावर आली' आणि 'संक्रांत कापसावर आली' या दोन वाक्यांची ठेवण अगदी एक आहे. माझं मत असं की आपला वाक्प्रचार या दोन वाक्यांच्या मधल्या उंबऱ्यावर जन्मला. पंचांग ऐकणाऱ्या घरात, चुलीशेजारी. त्याला रणांगणाची गरजच नव्हती.

ही वाहनवाली संक्रांत पानिपतापेक्षा जुनी आहे याचा पुरावाही पक्का आहे. रामदैवज्ञाने काशीत 'मुहूर्तचिंतामणि' हा ज्योतिषावरचा ग्रंथ लिहिला तो शके १५२२ मध्ये, म्हणजे इसवी सन १६०० साली. पानिपताला अजून १६१ वर्षं अवकाश होता. त्याच्या संक्रांतिप्रकरणात हे सगळं आहे. सिंह, वाघ, डुक्कर, गाढव, हत्ती, रेडा, घोडा, कुत्रा, बोकड, बैल, कोंबडा ही अकरा वाहनं, त्यांच्या जोडीने अकरा वस्त्रं, मग शस्त्रं. कोणत्या वर्षी कोणतं हे कोणाच्या कोपावर ठरत नाही. तिथीच्या अर्ध्या भागाला करण म्हणतात. करणं अकरा. सात फिरती, चार स्थिर. सूर्य राशीत शिरतो त्या क्षणी जे करण चालू असेल त्याच्या रांगेतलं वाहन आणि वस्त्र घ्यायचं. बव करण असेल तर सिंह आणि पांढरं, बालव असेल तर वाघ आणि पिवळं, विष्टि असेल तर घोडा आणि काळं. फिरती सात करणं चांद्रमासात प्रत्येकी आठ वेळा येतात, म्हणजे हेच रंग पुन्हा पुन्हा फिरून येणार हे ठरलेलंच आहे. २०२५ आणि २०२६ अशी लागोपाठ दोन वर्षं बालव करण लागलं, म्हणून दोन्ही वर्षी वाघ आणि पिवळं.

आता त्या चंद्रकळेकडे या. २०२४ साली सूर्य मकर राशीत शिरला तो १५ जानेवारीच्या पहाटे, तीन वाजायच्या जरा आधी. तेव्हा विष्टि करण चालू होतं, म्हणून काळं वस्त्र. तो तीन तास उशिरा शिरला असता तर बव करण लागलं असतं आणि वस्त्र पांढरं आलं असतं. मग काळी साडी बिनधोक नेसली गेली असती आणि पांढऱ्या हलव्याचे दागिने डब्यात राहिले असते. तीन तासांवर ठरलेला हा रंग! राशींची सुरुवात वेगळ्या गणिताने धरणारं टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत तर संक्रांतच सुमारे चार दिवस आधी होते. त्यांचं करण वेगळं, वाहन वेगळं, रंगही बहुधा वेगळा. एकाच गावात, एकाच आळीत, दोन घरांच्या दोन संक्रांती. त्यातली कोणती कोणावर येणार?

मुहूर्तचिंतामणीत आणखी एक गोष्ट आहे, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वारानुसार संक्रांतीला सात नावं दिली आहेत. घोरा, ध्वांक्षी, महोदरी, मंदाकिनी, मंदा, मिश्रा, राक्षसी. नावं ऐकून अंगावर काटा यावा. पण ग्रंथकार सांगतो ते यातली प्रत्येक कोणाला सुख देते हे. घोरा शूद्रांना, ध्वांक्षी वैश्यांना, महोदरी चोरांना, मंदाकिनी राजांना, मंदा ब्राह्मणांना, मिश्रा जनावरांना, आणि राक्षसी अंत्यजांना. जातींची ती उतरंड आपण नाकारलीच पाहिजे, त्यात दुमत नाही. तरी शब्द बघा, तिथे सुखाचं वाटप आहे. पंचांगातल्या फळातही निम्मं सुखच होतं, जिकडून ती आली तिकडच्यांना. आपण त्यातलं सुख पुसलं आणि दुःख तेवढं जिभेवर ठेवलं. 'यंदा आमच्यावर संक्रांत आली' असं आनंदाने म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. माणूस आलेला आनंद आपल्या कष्टाच्या खात्यावर मांडतो आणि अरिष्टाला मात्र कोणीतरी धाडलेलं समजतो, त्यातून हा एकांगी अर्थ पक्का झाला असावा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाला किंक्रांत म्हणून करिदिन मानायची रीत आहेच, तिचीही सावली शेजारच्या दिवसावर पडली असेल.

मग पानिपत की पंचांग, काय फरक पडतो? गोष्ट सुंदर आहे, देशाभिमानाची आहे, चालू द्या, असं मला अनेकांनी सांगितलं. मला ते मान्य नाही. पहिलं कारण त्या हिरव्या साडीत बसलेल्या मुलीचं आहे. पंचांगातलं वर्णन हे एक जुनं कोष्टक आहे हे कळलं की भीती उतरते. दा. कृ. सोमणांसारखे पंचांगाचे अभ्यासक तर वर्षानुवर्षं जाहीरपणे सांगत आले आहेत की संक्रांत अशुभ नसते. पण 'पानिपत त्याच दिवशी झालं' म्हटलं की त्या भीतीवर इतिहासाचा शिक्का बसतो. पंचांगावर विश्वास नसलेला माणूससुद्धा इतिहासापुढे मान तुकवतो. आणि या भीतीची किंमत नेमकी बायकांकडून वसूल होते. आमच्या बाजारात एका वर्षी आवई उठली होती की संक्रांत मुलांवर आहे, एकच मुलगा असलेल्या आईने अमक्या इतक्या बायकांना बांगड्या भराव्यात. कासाराच्या दुकानासमोर धुणीभांडी करणाऱ्या बायका उन्हात उभ्या होत्या. त्यातल्या एकीने त्या आठवड्याची कमाई बांगड्यांत घातली. तिला मी काय समजावणार होते? तिच्या पोराच्या जिवाचा प्रश्न होता.

दुसरं कारण पानिपताचं. तिथे माणसं उपासमारीने, थंडीने, रसद तुटल्याने आणि दिवसभराच्या लढाईने मेली. मराठ्यांनी कुंजपुऱ्याचं ठाणं घेतलं तरी अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली, दिल्लीचा रस्ता तुटला, आणि दोन महिन्यांहून जास्त काळ छावणी कोंडली गेली. हे सगळं समजून घ्यायचं तर डोकं लावावं लागतं. 'संक्रांत कोसळली' म्हटलं की सगळं दिवसाच्या माथी मारता येतं. शिंद्यांच्या, होळकरांच्या, पेशव्यांच्या निर्णयांवर मग बोलायलाच नको. ज्या हजारो माणसांसाठी आपण हळहळतो त्यांना निदान खरी कारणं तरी द्यायला हवीत.

वाक्प्रचार निरागस नसतात. 'ध चा मा करणे' हा प्रयोग आपण दिवसातून कितीदा करतो. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला हे खरं. पण 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईने केलं, याचा मूळ कागद कोणी पुढे ठेवलेला नाही. तरी अडीचशे वर्षं एक बाई रोज मराठीच्या तोंडून दोषी ठरते आहे. कोणत्याही न्यायालयापुढे एवढ्या पुराव्यावर एवढी शिक्षा झाली नसती.

आता खरा प्रश्न, जो फक्त घरातला नाही. 'संक्रांत येणे' हा प्रयोग अरिष्ट या अर्थाने मराठीत पहिल्यांदा कधी लिहिला गेला? कोणत्या बखरीत, कोणत्या पत्रात, कोणत्या अभंगात? याचं उत्तर एका जागी शोधता यावं असा कोश आपल्या हाताशी नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ ते १९३८ मध्ये काढले आणि वाक्संप्रदायांचा वेगळा कोश दोन भागांत १९४२ आणि १९४७ मध्ये. कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश १९४६ चा. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांनी १९९९ साली जुन्या मराठीचा कोश दिला, दाखल्यांसकट. ही सगळी माणसं मोठी होती, आणि त्यांनी अपुऱ्या साधनांत केलेलं काम बघितलं की हात जोडावेसे वाटतात. पण यादवकाळानंतरच्या मराठीसाठी प्रत्येक शब्दाचा, प्रत्येक वाक्प्रचाराचा प्रवास सालवार दाखल्यांनी मांडणारा कोश अजून व्हायचा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतसाठी असं काम १९४८ पासून चालू आहे. त्याच पुण्यात पुराभिलेखागारात कोट्यवधी मोडी कागद आहेत. त्यांत कारकून आहेत, सावकार आहेत, माहेरी पत्र लिहिणाऱ्या बायका आहेत, रोजची बोलीभाषा आहे. त्या कागदांत कुठेतरी, १७६१ च्या कितीतरी आधी, कोणाच्या तरी घरावर संक्रांत आलेली असणार अशी माझी खात्री आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या दिवशी मलाही भरून आलं. आता त्या दर्जाच्या नावाने जे पैसे येतील, जी केंद्रं उघडतील, त्यांनी सोहळ्यांआधी हे काम हाती घ्यावं. मोडी वाचणारी तरुण पोरं तयार करा, त्यांना पुरेसा पगार द्या, आणि दहा-पंधरा वर्षं कोणी घाई न करता हा कोश होऊ द्या. तोवर शाळेतल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. वाक्प्रचाराची गोष्ट सांगा, मुलांना ती हवीच असते. पण गोष्ट सांगून झाली की मुलांनाच हिशोब करायला बसवा. विवेकानंदांची जन्मतारीख द्या, बहात्तर वर्षांना एक दिवस हे द्या, आणि १७६१ ची संक्रांत काढायला सांगा. सातवीतलं पोरही हे गणित करतं. मी करून घेतलं आहे, निवृत्त व्हायच्या शेवटच्या वर्षी. उत्तर आल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग आम्हाला पुस्तकाबाहेरचं खोटं का सांगतात?" तिला मी म्हटलं की सांगणाऱ्यांना ते खरंच वाटत असतं, मलाही वाटायचं.

२०२५ च्या जानेवारीत पुन्हा निरोप आले. यंदा पिवळं नको. खालच्या मजल्यावरच्या सासूबाईंनी आपली पिवळी पैठणी बाजूला ठेवली आणि सुनेला म्हणाल्या, तुझी ती काळी काढ, यंदा तिला काही दोष नाही. मी पोचले तेव्हा ती दारातच उभी होती, चंद्रकळा नेसून. वर्षभर घडीत राहिल्याने निऱ्यांवर आडव्या चुण्या उमटल्या होत्या, इस्त्रीने त्या पुऱ्या गेल्या नव्हत्या. हलव्याचे मागच्या वर्षीचे दागिने केव्हाच विरघळले होते, म्हणून गळ्यात नुसती पोत होती. तिने वाकून मला हळदीचं बोट लावलं. हळद पिवळीधमक होती, आणि त्या घरात ती कोणाला खटकली नाही.